बाईंच्या उपासांचं उद्यापन

"काकू, बाई गेल्या..." सकाळीच लकडगंजातून सुनीताचा फोन आला आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "रात्री जेवल्या होत्या का?" सुनीता म्हणजे माझ्या थोरल्या जावेची, बाईंची, सून. हुंदका आवरत ती म्हणाली, "हो काकू, वरण मागून घेतलं." मग मी कळमेश्वरच्या आमच्या घरात बसून मोकळेपणी रडले.

प्रश्न वेडगळ वाटेल, पण त्यामागं मोठं रामायण आहे. भाऊजी गेल्यापासून बाईंनी उपासांचा सपाटाच लावला होता. सोमवार पोराच्या नोकरीसाठी, गुरुवार नातीच्या तब्येतीसाठी, शनिवार कशासाठी ते त्यांनाही आठवत नसे. उरल्या दिवशी चहा-टोस्ट. म्हातारपणी कमीच खावं, असं आम्हीही सगळे म्हणायचो. आणि ही बाई कोण, तर लग्नकार्यात चुलीवर मडकं उलटं ठेवून, सैल कणीक हातांवर कोपरापर्यंत ताणून त्या मडक्यावर लांब रोट्या टाकणारी! त्यांचे दंड पाहून नवी नवरी असताना मी घाबरलेच होते. आता त्याच हातांवर बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पाटावरून उठवायला दोघीजणी लागायच्या. मग भाजीत दोनदा मीठ पडू लागलं आणि एक दिवस मलाच विचारलं, "तू कोणाची वं?"

डॉक्टर म्हणाले, "विसरण्याचं कारण एकच नसतं, पण आधी यांच्या पोटात डाळ, दूध, काहीतरी जाऊ द्या. अंगावरचं मांस झडलंय." बाई ऐकतील तर शपथ! "धरलेला वार सोडू काय? पोराले काही झालं म्हंजे?" डोळ्यांत खरीखुरी भीती होती हो त्यांच्या. रागावून काय उपयोग? व्रत मोडायचं नसतं, पण त्याचं उद्यापन तर करता येतं! आम्ही भटजी बोलावले, सगळ्या वारांचं एकदमच उद्यापन केलं, सवाष्णी जेवल्या. बाईंनी हात जोडून विचारलं, "आता पोराले काही नाही ना होत, महाराज?" "नाही होत, आई. जेवा आता." त्या दिवशी बाईंनी बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात खाल्ला, वर पुन्हा मागितला.

मग सुनीतानं कंबर कसली. डाळ, दही, झुणका आणि रोज खुर्चीवरून आधाराशिवाय ऊठबस. बाई कुरकुरायच्या, "काय शाळा लावून राहिली वं माही?" जादू काही झाली नाही. किती नावं गेली ती गेलीच... पण पुढच्या उन्हाळ्यात आमरसाच्या जेवणाला मी मडक्यापुढं बसले होते, रोटी सारखी फाटत होती. मागून आवाज आला, "सरक वं शोभे! रोटी हाय का फडकं?" माझं नाव! आणि बाईंनी पदर खोचून रोटी ताणली, मडक्यावर अल्लाद टाकली. आम्ही सगळ्या येड्यासारख्या हसत होतो, रडत होतो.

बाईंचं तेरावं झाल्यावर परवा पुन्हा लकडगंजात गेले. बाईंच्या नावानं सोमवार धरायचा, असं मनाशी ठरवूनच गेले होते. सुनीताला तसं सांगितलं, तर तिनं मला हाताला धरून परसात नेलं. चूल पेटलेली, वर तेच काळं मडकं. "बाईंनी सांगून ठेवलं होतं, काकू, 'शोभी उपास धरतो म्हणंल, तर तिले मडक्यापुढं बसवजो.'"

बसले. पहिलीच रोटी फाटली. तीच वरणात कुस्करली आणि सोमवार असूनही पोटभर जेवले.