तात्यांची ब्लू-रे

भवानीनगरचा हा स्टुडिओवाला डिस्कवर व्हिडिओ राइट होताना बोलत नाही. पडद्यावरच्या परक्यांच्या लग्नांकडेही तो झोपेतल्यासारखा हसत बघत राहतो.

अंथुर्ण्याचे तात्या वारलेल्या बायकोचा व्हिडिओ घेऊन आले. उसाच्या बांधावरून ती सावकाश चालत येत होती. डीव्हीडीवर उतरवल्यावर चेहरा धूसर झाला. ब्लू-रेवर नाकातली चमकीसुद्धा दिसली, पण ती डिस्क तात्यांच्या जुन्या प्लेयरवर चालणार नव्हती.

दर नव्या डिस्कला नवं मशीन घ्यायला लावणं ही कंपन्यांची लूट आहे, असं दुकानात बसल्या बसल्या मी सुनावलंच.

"व्हय, पत्रक काढा तुमी," म्हणत स्टुडिओवाल्यानं दुकानातला एकुलता ब्लू-रे प्लेयर तात्यांच्या पिशवीत घातला. "तात्या, बघून झालं की आणा निवांत."

"बघून कवा व्हायचं रं ते?" तात्या म्हणाले.