निकालानंतरचं बोलावणं

यमुनामावशीच्या मुलाचा, महेशचा, फोन आला तेव्हा मी राहनाळच्या गोडाऊनमध्ये ड्युटीवर होते. दुपारच्या गाड्या भरायचं चाललं होतं. "ताई, आई गेली," तो म्हणाला. मी "बरं" म्हणाले. हातातलं पार्सल स्कॅन केलं, त्याच्या मागचंही केलं, मग सुपरवायझरला सांगून बाहेर आले आणि टेमघरची रिक्षा पकडली. मावशी दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नव्हती. रिक्षात रडू आलं नाही, घरी पोचल्यावर आलं नाही, आणि आता काही आठवडे उलटले तरी आलेलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, टेकवला तरी खालची जमीन कळत नाही, तसं काहीसं झालंय. लोक म्हणतात, रड एकदाची, मोकळी हो. सांगायला काय जातं...

यमुनामावशी माझ्या आईची धाकटी बहीण, आणि टेमघरची धवळारीण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवळारणीचा मान मोठा. मांडव घालताना, हळद लावताना, नवरानवरीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत ती धवळे गाते, आणि तिने गायल्याशिवाय घरच्या म्हाताऱ्यांना लग्न लागल्यासारखं वाटत नाही. शाळेत असताना मी सुट्टीभर तिच्या मागे फिरायचे. ती ओळ टाकायची, मी मागून उचलायचे. माझा आवाज फाटका, पण ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे गो, हळदीला सगल्यांचा आवाज चालतो." तिचा एकच नियम होता. बोलावल्याशिवाय ती कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही, आणि लग्नाला तर घरच्या बाईने विडा-सुपारी घेऊन यायलाच हवं, मग ते घर सख्ख्या जावेचं का असेना. आणि आलेला विडा ती कधी परत करायची नाही. ताप असला तरी जायची.

याच नियमाचा फायदा एका पक्षाच्या माणसांनी घेतला. महापालिकेच्या निवडणुकीत आमच्याकडची जागा बायकांसाठी राखीव झाली आणि त्यांना उमेदवार सापडेना. कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, जिच्या धवळ्यांवर अख्ख्या आळीची लग्नं लागली तिला कोण पाडणार? ती मंडळी बेरकी. रिकाम्या हाताने आलीच नाहीत. लग्नाला आणतात तसा विडा ताटात घेऊन आली. मावशी बराच वेळ त्या ताटाकडे बघत बसली, मग तिने सुपारी उचलली. मी तिला नंतर झापलं की अगं, हे काय हळदीचं बोलावणं आहे का? तर म्हणते कशी, "बोलावनं ते बोलावनं. परत केलं तर माज केल्यासारखं व्हतं."

प्रचार म्हणजे सगळी कुचंबणा होती. समोर नयना उभी होती, आमच्याच आळीतल्या मोठ्या घरची सून. नयनाच्या लग्नातही मावशीच गायली होती. नयना हसतमुख पोरगी, चपला काढून थेट स्वयंपाकघरात जायची, बायकांबरोबर भाजी निवडत बसायची. आणि आमची मावशी? ती दारासमोर रस्त्यात हात जोडून उभी राहायची आणि आतून "ये" म्हणायची वाट बघायची. आता घरच्या माणसाला कोण ये म्हणतं? त्यांना वाटायचं, यमुनाबाय आपलीच, येईल आत. ती यायची नाही. मग दोन्हीकडून नुसतंच हसायचं आणि ही पुढच्या दारासमोर. मी मागून पत्रकं वाटत चरफडायचे. पलीकडे लूमवाल्यांच्या चाळी आहेत, तिकडची तऱ्हा वेगळी. तिथल्या बायका दारातूनच हाका मारायच्या, "मौसी, बाहर क्यूँ खडी हो, अंदर आओ, चाय पियो." मग ती आत जायची, तिथली पोरं मांडीवर घ्यायची, मोडक्यातोडक्या हिंदीत गप्पा मारायची. त्यांच्यातल्या एकाही लग्नात ती कधी गायली नव्हती.

मतमोजणीला तिची प्रतिनिधी म्हणून मी बसले होते. मशीन उघडतात, आकडे वाचतात, आपण उतरवून घ्यायचे, एवढंच काम. चाळीतल्या केंद्रांवर मावशी पुढे गेली तेव्हा माझ्या शेजारचा कार्यकर्ता पेढ्यांची ऑर्डर द्यायला उठलाच. मी त्याला खाली बसवलं, म्हटलं, आपली आळी येऊ दे. आळी आली... आणि तिथे ती अशी मागे पडली की मला वाटलं आकडा उलटा वाचला. पुन्हा वाचायला लावलं. तोच होता. थोडक्यात हरली मावशी, आणि हरवलं ते तिच्या आळीने. वाईट मनाने नाही, हे मी आज सांगू शकते. नयना घरात आली होती, गटाराचं बोलली होती, तिला एक मत देऊ, यमुनाबायला काय, बाकी सगळे देणारच आहेत. घराघरात हाच हिशेब झाला होता.

पूर्वी सगळ्या पेट्यांची मतं एकत्र मिसळली जायची म्हणतात. तेव्हा बरं होतं. आता केंद्रागणिक आकडा कळतो, आणि दिवस मावळायच्या आत अख्ख्या टेमघरला कळलं की धवळारणीला तिच्याच आळीने पाडलं. मी घरी पोचले तर मावशी वाल सोलत बसली होती. निकाल तिला आधीच कळला होता. "आपल्या आळीचा आकडा खरा हाय का?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. ती थोडा वेळ सोलत राहिली आणि म्हणाली, "मना काय न्हाय गो. पन आता त्यांना माझ्यासमोर यायला जड जाईल."

अगदी तसंच झालं. ती रोजच्यासारखी दुकानात जायची, सगळ्यांशी बोलायची, आणि समोरची बाई पिशवीत काहीतरी शोधायला लागायची. लग्नसराई सुरू झाली. आळीत मांडव पडले, पण विडा घेऊन कुणी आलं नाही. कुणी मोबाईलवरचे धवळे स्पीकरवर लावले, कुणी आमच्या कोनगावातून दुसरी धवळारीण नेली. मी लग्न होऊन कोनलाच राहते, म्हणून मला हे सगळं कळायचं, आणि मी ते मावशीला सांगायचे नाही. नयनाच्या दिराची हळद होती त्या दिवशी मी टेमघरलाच होते. मावशीने दुपारपासून काठाची साडी नेसली होती, ओट्यावर बसली होती. चार घरं टाकून डीजे वाजत होता. माझं डोकं सणकलं. म्हटलं, मी जाते आणि त्या नगरसेविकेला चार शब्द ऐकवते. मावशीने माझा हात धरला. "मागून आनलेलं बोलावनं, ते काय बोलावनं?" संध्याकाळ झाली तेव्हा ती आत गेली, साडी बदलली आणि भाकऱ्या करायला बसली. त्यानंतर तिला घरातही गुणगुणताना मी ऐकलं नाही.

लोक म्हणतात, निकालाने गेली. उगाच काहीतरी. तिला साखर होती, रक्तदाब होता, गोळ्या वेळेवर घ्यायची नाही. निकालाने माणूस मरत नाही. निकालाने तिचं गाणं बंद पडलं, एवढं मात्र खरं.

ती गेली त्या दिवशी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी आळी आली होती. चाळीतल्या बायका आल्या होत्या. ज्या घरांनी तोंड चुकवलं त्या घरांतल्या म्हाताऱ्या ऊर बडवून रडत होत्या. मयताला बोलावणं लागत नाही ना... मी भिंतीला टेकून बघत होते. राग यायला हवा होता, तोही आला नाही.

परवा मी महेशकडे गेले होते. त्याची बायको डबा पोचवायला बाहेर गेली होती, मी एकटीच होते. दारात नयना आली. हातात ताट, ताटात विडा, सुपारी, नारळ. तिच्या नणंदेची हळद आहे. निकालानंतर मयताचा दिवस सोडला तर ती या दारात आली नव्हती. म्हणाली, "ताई, तू मावशीच्या मागे गायचीस ना? आमच्याकडे ये." मी ताटातल्या सुपारीकडे बघितलं. मग तीच बोलायला लागली. "दिराच्या हळदीला सासूबाईंनी विडा काढून ठेवला होता. मीच म्हटलं, नको. आपण पाडलं तिला, आणि आता कुठल्या तोंडाने गायला बोलवायचं? आली नसती तर... ताई, ती आली असती का?"

"दुपारपासून तयार होऊन बसली होती," मी म्हणाले.

नयना उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली. एरवी लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसणारी पोरगी. तिला आत ये म्हणायला मला वेळ लागला, पण म्हटलं. मावशी विडा घ्यायला नेहमी खिडकीखालच्या पाटावर बसायची. बोलवायला आलेल्या बाईला समोर बसवायची, सुपारी पदराच्या गाठीत बांधायची आणि त्याच बैठकीत त्या घरच्या लग्नाचा पहिला धवळा हळू आवाजात म्हणून दाखवायची. नयनाला ते माहीत होतं. तिने पाट ओढला, त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि आपण खाली बसली. पाटावर मी बसायचं की तो मावशीचा म्हणून रिकामाच ठेवायचा, हे आम्हा दोघींना कळेना.