अकरा सेकंदांची जिजी

जिजीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्या आईच्या थोबाडीत मारताना. मी नऊ वर्षांची होते. वडील खात्यात, म्हणजे ते कापड विणायचे संचे चालवायचे त्या कारखान्यात, उभ्या उभ्या कोसळले होते आणि गोडादऱ्याच्या आमच्या एका खोलीत त्यांना आणून ठेवलं होतं. आई भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे ठणठणीत. बायका गळ्यात पडल्या, गदागदा हलवून झालं, पण आई हूं की चूं करेना. मग गल्लीच्या टोकाकडून एक उंच, हाडापेरानं दणकट बाई आली. चपला दारात काढल्या, आईसमोर उकिडवी बसली आणि काही कळायच्या आत सणसणीत एक ठेवून दिली. मी किंचाळले. आई त्याहून मोठ्यानं किंचाळली, आणि मग जी रडली, जी रडली, की जिजीचा खांदा भिजून गेला. "रडी ले व माय, रडी ले," जिजी तिला थोपटत होती. "पोटम्हा ऱ्हायेल रडं सडी जास."

गुजराती मुलखात येऊन राहिलेल्या आमच्या खानदेशी वस्तीत ही जुनी रीत. मयताच्या घरी जिला रडू फुटत नाही, तिला एखाद्या वडीलधारीनं मारून रडवायचं. नाहीतर बाई आतल्या आत खचते, असं आमच्याकडे धरून चालतात. शिकलेल्यांनी नाकं मुरडायची असतील तर खुशाल मुरडावीत. मीही बी.एड. होऊन मुरडलीच होती. पण हे काम येरागबाळ्याचं नव्हे. सख्ख्या बहिणीचा हात उठत नाही, आणि सासूनं मारलं तर जन्माचं वैर. म्हणून गोडादरा असो की डिंडोली, मयत झालं की जिजीला निरोप जायचा. तिचं नाव सुमनबाई, पण ते फक्त रेशनकार्डाला ठाऊक.

तिचा एक नियम होता. "जिनी मारं, तिनी बसानं." जिनं मारलं, तिनं बसायचं. उठून जायचं नाही. माझ्या आईजवळ ती तेरा दिवस बसली. तिच्या तोंडात घास घातला, माझ्या वेण्या घातल्या, त्याही इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे. चौदाव्या दिवशी साड्यांचा एक गठ्ठा आणून आईपुढे टाकला. जिजी घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करायची. कात्री आईच्या हातात देऊन म्हणाली, "रडनं झायं? आते हात चालू दे." त्या कात्रीवर आईनं मला शिकवलं. मी आज शाळेत 'बेन', म्हणजे बाई, म्हणवून घेते, ते जिजीच्या जिवावर. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं माझं जे सांगायचं आहे ते काही शोभेचं नाही.

एरवी जिजी भारी चेष्टेखोर. लग्नाच्या मांडवात ती शिरली की पोरं मुद्दाम गाल झाकून घ्यायची, आणि ती ओरडायची, "घाबरू नका रे भडव्याहो, आजून टाईम शे तुमना!" नवऱ्यामुलाची आई कपाळाला हात लावायची. पण जेवायला वाढायला पहिली जिजीच लागायची.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला भूषण गेला. सव्वीस वर्षांचा. लहानपणी आई कामावर गेली की हा जिजीच्या घरी जेवायचा, तिच्याच अंथरुणात झोपायचा. त्या सकाळी त्याचं नि त्याच्या बायकोचं, मनीषाचं, कडाक्याचं भांडण झालं होतं. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. डबा न घेता, उपाशीपोटी तो बाईकवर सचिन गावी कामाला निघाला आणि रस्त्यात टेम्पोनं उडवला. दुपारी त्याला घरी आणला.

मनीषा बावीस वर्षांची पोर. दगड होऊन बसलेली. तिचा हात माझ्या हातात होता, समोर जिजी. मागं बायकांचा आकांत चाललेला. जिजीनं एक मारली. मनीषानं नुसती पापणी हलवली. जिजीनं मान वळवून भूषणच्या तोंडाकडे पाहिलं, क्षणभरच, आणि वळून दुसरी मारली. ती जोरात बसली. पोरीचा ओठ फुटला. मारताना जिजी काहीतरी बोलली. मग मनीषा फुटली, आणि जिजीनं तिला मांडीवर ओढून घेतलं, ती रात्र पडेपर्यंत सोडलं नाही.

समोरच्या वरच्या गॅलरीतून कुणीतरी हे मोबाईलवर टिपलं. अकरा सेकंद. दुसऱ्या थपडेला संपतं. मांडीवर घेतलेलं त्यात नाही. खाली लिहिलेलं, 'पति की लाश के सामने बहू को पीटती डायन सास'. अरे, सासू कोण, सून कोण, काही तरी विचाराल की नाही! वर आवाज काढून टाकून एक रडकं गाणं चिकटवलेलं. दोन दिवसांत ते भुसावळपासून वापीपर्यंत सगळ्यांच्या हातात. हिचे हात तोडा, हिला जाळा, हिला उघडी करून फिरवा. हे लिहिणारे कुणी गुंड नव्हते. प्रोफाइलला गणपतीचे आणि लेकरांचे फोटो लावलेली माणसं होती.

माइक घेतलेले लोक गल्लीत आले. जिजीची सून कल्पना त्यांना ओरडून सांगत होती, "अठरा वर्षं झाली मला या घरात, सासूनं मला टिचकी मारली नाही!" ते कुठंच दाखवलं नाही. साड्या देणारा शेठ म्हणाला, "मासी, हमणां रहेवा दो," आणि काम बंद झालं. मनीषाला तिच्या वडिलांनी पारोळ्याकडे गावी नेलं. कल्पनानं फोन केला, तर ती बिचारी म्हणाली, त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही.

मग कल्पना माझ्याकडे आली. "बेन, तुम्ही शिकलेल्या. तिथं होतात. त्याच्याखाली चार ओळी लिहा ना." मी हो म्हटलं. लिहिलंसुद्धा, चांगलं पानभर. आणि पुसून टाकलं. कारण त्या व्हिडिओत माझी पाठ दिसते, आणि कुणी ओळखलं तर शाळेत काय तोंड दाखवू, याची मला धास्ती. स्टाफरूममध्ये एका बेननं मोबाईल पुढं केला, "बेन, आ तमारा गोडादरानी छे ने?" मी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "असेल. मी नाही ओळखत." जिच्या कात्रीवर मी वाढले, तिला मी नाही ओळखत! माझ्या जिभेला हाड नाही ते बरं, नाहीतर त्या दिवशी मोडलं असतं.

महिन्याभरात लोक दुसऱ्या कुणाला तरी जाळायला निघून गेले. पण जिजीला निरोप येणं थांबलं ते थांबलंच. मयतं व्हायची, ती आपल्या दारात उभी राहून लांबून बघायची, कुणी आत बोलवायचं नाही. कोण कुठून मोबाईल काढेल, सांगता येत नव्हतं. आणि तिला एक खोड लागली. कल्पनाचा मोबाईल मागून घ्यायची आणि तो व्हिडिओ बघायची. एकदा नाही, दहादा, वीसदा. कल्पनानं तो काढून टाकला, तर शेजारणीकडे जाऊन मागायची. "दखू दे व," म्हणायची, "मना चेहरा दखू दे."

गेल्या दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेले होते. दुसऱ्या एका शेठनं थोडं काम पाठवायला सुरुवात केली होती, ती ओट्यावर धागे कापत बसलेली. मला जवळ बसवलं, गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, पहिली मारली ती रडवायला, ते मला पक्कं ठाऊक आहे. दुसरीचं मला कळत नाही. पोर उपाशी गेला होता गं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानंतर माझ्या हातात काय आलं? रोज बघते, आणि आता मलाच त्या बाईच्या तोंडावर राग दिसतो. मग एकदम थांबून तिनं विचारलं, "तू तठे व्हती. दुसरी मारी तवय मी काय म्हनं व? 'रडी ले' म्हनं, का 'उपाशी धाडं ना तू त्याले' म्हनं? खरं सांग माय."

त्या दिवशीच्या आकांतात ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू येण्यासारखं नव्हतं. तिच्यापासून दोन हातांवर बसले होते मी. मी आठवायला लागले. जिजीचे ओठ हलताना दिसले, पण वरून, गॅलरीतून. मी तर खाली होते! मी डोळे मिटले, मनीषाचा गार हात आठवला, उदबत्तीचा वास आठवला, आणि जिजीचे ओठ हलले की तिथं ते रडकं गाणंच वाजायला लागायचं. त्याच्याखाली शब्द होता, मला तो सापडेना. मी पण ते अकरा सेकंद इतक्यांदा पाहिले होते.

खोटं बोलायला काय जात होतं माझं? 'रडी ले म्हणालीस जिजी', एवढं म्हटलं असतं तर म्हातारी सुटली असती. आयुष्यभर खोटं बोलले, तिथंच नेमकी मी खरं आठवत बसले. मयतघरी माणसांचे चेहरे वाचण्यात जिचा जन्म गेला, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. "बरं," म्हणाली, आणि साडी पुढं ओढली.

दुसऱ्या दिवशी मी धावत गेले. म्हटलं, जिजी, मला आठवलं, तू 'रडी ले'च म्हणालीस. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू चांगली पोर शे," म्हणाली, जशी ती नऊ वर्षांच्या मुलीला म्हणायची. माझं ते खोटं तिनं घेतलं नाही.

संक्रांतीच्या आधी जिजी गेली, झोपेत. ती काय म्हणाली होती ते मला अजून आठवत नाही.