खाणीच्या फाटकावरची मुकादमबाई

उपनगराची स्वतःची नगरपालिका होती, तेव्हा मुकादमबाईंचा दरारा होता. सगळे झाडूवाले त्यांच्या हाताखाली. कुणी रस्त्यावर कचरा टाकला, की त्या वाकून तो काठीनं उचकायच्या, कुणाचा ते ओळखायच्या, आणि सरळ त्या घराचं दार ठोठावायच्या. कधी चुकल्या नाहीत. बायका मागून नावं ठेवायच्या, पण समोर दिसल्या की पदर सावरायच्या. बाई विधवा, मूलबाळ नाही. आई खाणीच्या कडेला एका खोलीत एकटी राहायची. रोज संध्याकाळी बाई तिच्याकडे जेवायला जायच्या.

मग हद्दवाढ झाली. उपनगर शहरात गेलं आणि नगरपालिकेच्या दाराला कुलूप लागलं. उपनगरातले म्हणायचे, शहरानं आम्हाला गिळलं आणि वर ढेकरही दिला नाही. शहरातले म्हणायचे, फुकटचे पाहुणे आमच्या ताटात येऊन बसले. बाईंची हजेरी आता शहरातल्या मोठ्या कचेरीत लागायची. तिथल्या मुकादमांनी त्यांना बसायला खुर्ची दिली नाही. चहा आला की नेमका एक कप कमी पडायचा. 'गावठी झाडू आली,' असं त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं जायचं. बाई भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि ऐकायच्या.

त्यांची गरज पडली ती खाणीमुळे. शहराचा कचरा कुठेच मावेना, म्हणून उपनगरातली बंद पडलेली दगडखाण भरायचं ठरलं. खाणीकडच्या बायका रस्त्यावर आडव्या बसल्या. सगळ्यात पुढे बाईंची आई. गाड्या परत फिरल्या.

कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली आणि चहाही मागवला. म्हणाले, तुमचं ऐकतील त्या. सांगा, फक्त माती आणि विटांचा चुरा टाकणार, वर बाग करणार. एवढं करा, मग तुम्हाला शहरात चांगला वॉर्ड देतो. कोणत्या गाड्या भरून उभ्या आहेत, हे बाईंनी येतानाच पाहिलं होतं. वासही घेतला होता. तरी त्यांनी चहा संपवला आणि होकार दिला.

बायकांसमोर उभं राहून त्यांनी मातीची आणि बागेची गोष्ट सांगितली. एकेक बाई उठली. आई शेवटी उठली.

"तू सांगतेस म्हणून उठते," ती म्हणाली.

दुपारीच गाड्या आल्या. मटणबाजाराची घाण होती, दवाखान्याच्या पट्ट्या होत्या, सडलेल्या भाजीचे ढीग होते. बाई फाटकावर उभ्या राहून गाड्या आत घेत होत्या आणि सगळी वस्ती पाहत होती. आई घरात गेली आणि तिनं आतून कडी घातली.

दुसऱ्या सकाळपासून बाईंच्या उंबऱ्यात कचरा पडू लागला. घराघरातून आणून ओतलेला. बाई तो झाडायच्या आणि झाडताना कुणाचा कोणता ते त्यांना कळायचं. ही शिंपिणीची चिंधी. ही मास्तरिणीच्या पोरांच्या वहीची फाटलेली पानं. एक दिवस त्यात आईच्या खोकल्याच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. कुणीतरी मुद्दाम आईच्या दारातून उचलून आणली असतील, असं म्हणत त्या खाणीकडे गेल्या. आई खिडकीत होती. खिडकी न उघडताच ती बोलली.

"कचरा कुठे टाकायचा, ते तूच दाखवलंस."

चांगल्या वॉर्डाचं काय झालं, हे विचारायला बाई कचेरीत गेल्या. या वेळी साहेबांनी मान वर केली नाही. ते म्हणाले, उपनगराची माणसं उपनगरातच बरी. बाईंना खाणीच्या फाटकावर कायमचं नेमलं. दारातला मुकादम हसला. त्या दिवसापासून बाईंच्या आत काहीतरी दगड होऊन बसलं.

खाण भरली, कचरा पसरायला जागा हवी झाली. कडेची घरं पाडायचा हुकूम निघाला. घरांवर फुल्या मारायला लाल रंगाचा डबा बाईंच्या हाती आला. सुरुवात कुठून करायची, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं. बाई आधी आईच्या दाराशी गेल्या.

म्हातारी बाहेर येऊन उभी राहिली. लेकीचा हात चालताना तिनं पाहिला.

"नीट काढ," ती म्हणाली. "ओघळ येतोय."

बाईंनी चिंधीनं ओघळ पुसला आणि त्या पुढच्या घराकडे वळल्या.

घरं पडली, तसे बाकीचे नातेवाइकांकडे पांगले. म्हातारीला लेकीशिवाय कुणीच नव्हतं. ती बोचकं घेऊन दारात आली, तेव्हा बाई जेवत होत्या. त्यांनी सावकाश जेवण संपवलं, ताट घासलं, आणि मग कडी काढली. दाराजवळची खाट दाखवली. खाटेवरून उंबऱ्यातली दुर्गंधी थेट यायची.

दोघी एका खोलीत राहिल्या, पण बोलल्या नाहीत. पुढे म्हातारीनं अंथरूण धरलं. ताप चढला, की ती लेकीला तिच्या लहानपणच्या लाडक्या नावानं हाका मारत राहायची. बाई उठायच्या, तिचं अंग पुसायच्या, औषध पाजायच्या, चादर बदलायच्या. ओ मात्र त्यांनी शेवटपर्यंत दिली नाही.