उद्याची पुडी

ते रोज संध्याकाळी माझ्या दुकानातून चहाची छोटी पुडी न्यायचे, दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी. एकच. कानाशी धरून हलवायचे, पत्ती वाजली की खिशात टाकायचे. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून त्यांची बोटं कायमची काळी झालेली.

“अहो, अर्ध्या किलोचा डबा न्या. स्वस्त पडतो,” मी वैतागून म्हणायचो.

“डबा घरात असला की माणूस सुटतो, मालक. आज दोन कप, उद्या चार. पुडी कशी, एका कपात गप करती!”

एकदा ते दुकानात छत्री विसरले, म्हणून मी पाठोपाठ त्यांच्या खोलीवर गेलो. “आता चहा घेतल्याबिगर सोडत न्हाय!” ते गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. मग खिशातली पुडी काढून क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि स्टो पेटवला. आम्ही अर्धा अर्धा कप प्यालो.

दुसऱ्या संध्याकाळी ते नेहमीच्या वेळी आले, पण कपाळाला रुमाल घट्ट आवळलेला.

“डोकं चढलंय? सकाळी चहा नाही घेतला? दुकान उघडंच होतं की.”

“सकाळचा काल झाला न्हवं, तुमच्यासंगं!” म्हणाले, आणि नवी पुडी कानाशी हलवली.