दारूचा प्रश्न घेऊन वडूज ते सांगली

सुट्टी घेऊन आरोग्य शिबिराला जाणारे लोक मला जरा अतीच वाटायचे. यंदा मीच निघाले. माझी डॉक्टर मैत्रीण मेधा म्हणाली, "आम्ही बीपी-शुगर तपासू, तू समुपदेशक आहेस तर प्रत्येकाशी दारूबद्दल पाच मिनिटं बोल." किती घेता, कधी घेता, कमी करायला काय जमेल, एवढंच विचारायचं. फक्त ज्याच्या घरची जशी रीत, त्या अंगाने. मी तर निघण्याआधीच मनात वाटणी करून टाकली: धनगरांत जत्रेला चालते, जैनांत शिवतही नाहीत.

पुण्याहून साताऱ्यापर्यंत हायवे, मग कोरेगाव, पुसेगाव करत वडूज. पुसेगावनंतर ऊस मागे पडतो आणि नुसता माळ सुरू होतो. पाणी भरून घ्या, टपऱ्या लांब लांब आहेत. वडूजला बाजरीची भाकरी आणि मटणाचा पातळ रस्सा मिळाला तर सोडू नका. रस्सा असा तिखट की माझं नाक दुपारभर वाहत होतं.

तिथल्या शिबिरात बिरूआबा आले. खांद्यावर घोंगडं, मेंढपाळ. मी लगेच सुरू. "आबा, देवाचं आहे, मान्य. पण जत्रेत जरा हात आवरायचा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवं ताई, म्या कवाच घेतली न्हाई. रातीला लांडगा येतुय. पिऊन पडलो तर मेंढरं कोण राखणार?"

मागची माणसं हसली. मी कानकोंडी झाले, माफी मागितली. पण गाडीत बसल्यावर तोच किस्सा मेधाला रंगवून सांगितला, म्हणजे अक्कल काही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कराडमार्गे सांगलीकडे. कराडला कृष्णा-कोयनेचा संगम बघा, सकाळी गर्दी नसते. सांगलीत भडंग घ्या, आणि मोठीच पिशवी घ्या. आमची छोटी पुढच्या शिबिराच्या गावात पोचायच्या आत संपली.

शिबिर जैन बस्तीशेजारच्या, म्हणजे जैन मंदिराशेजारच्या सभागृहात होतं. अण्णासाहेब आले, चाळिशीतले द्राक्षबागायतदार. बरोबर बायको सुनंदावहिनी आणि वडील, म्हणजे अप्पा. बीपी चांगलंच वाढलेलं. रांग बघून मी मोठ्यांदा म्हणाले, "तुमच्याकडे दारूचा प्रश्नच नाही. सगळे तुमच्यासारखे असते तर मला कामच उरलं नसतं."

अप्पांची मान ताठ झाली. अण्णासाहेब काहीतरी बोलणार होते, ते गोळ्या घेऊन उठले. मला वाटलं, काय छान बोलले मी.

गाडीत सामान भरताना सुनंदावहिनी आल्या. "ताई, तुमी ह्यांना इचारलंच न्हाई."

"काय?"

"दारूचं. दिवस मावळायच्या आत जेवत्यात, त्यो नियम कवा मोडत न्हाईत. मग बागेवर जाऊन पित्यात. घरात त्याचं नाव काढायची सोय न्हाई. म्हणलं, बाहेरची बाई सगळ्यांनाच इचारतीया, तवा ह्यांनाबी सांगता यील. बस्तीत जाऊन सोडायचा नियम घेतो म्हणले हुते. लय मनवून आणलं हुतं."

मला तिथल्या तिथे रडू यायला लागलं. मेधाला थांबायला सांगून मी त्यांच्या घरी गेले. सोप्यात शेजारी जमले होते आणि अप्पा खुशीत सांगत होते, "ह्या बघा, ह्याच पुण्याच्या बाई. सगळ्यांसमोर म्हणल्या, आमच्यात असलं काय न्हाई." मला चहा आला. तो मी प्याले, आणि अप्पांना काही बोलले नाही.

अण्णासाहेब सोडायला गाडीपर्यंत आले. मी हळूच म्हणाले, "माझं चुकलं. आता विचारू का?"

त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं. "नको ताई. आता व्हय म्हणलं तर अप्पा खोटं पडत्यात."

परत येताना हायवेला एकदाही थांबलो नाही. घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, ट्रिप कशी झाली. मी सांगलीहून आणलेले बेदाणे वाटले आणि विषय बदलला. लोकांच्या रीती समजून घ्यायच्या म्हणून मी गेले होते, आणि माणसाचं तोंड उघडायच्या आत त्याची जात वाचून मोकळी झाले. लाज वाटते, अजूनही वाटते. तुम्ही असल्या कामाला जाणार असाल तर विचारा, प्रत्येकाला विचारा, आणि एकट्याला बाजूला घेऊन विचारा.

परवा सुनंदावहिनींना फोन केला. बागेवर जाणं सुरूच आहे. मी म्हटलं, पुढच्या शिबिराला येऊन मी नीट बोलते त्यांच्याशी.

"शिबिर घ्या ताई," त्या म्हणाल्या. "पर तुमी नका येऊ. दुसऱ्या कुणाला तरी धाडा."