कोपऱ्यातल्या चार रेघा

टेलरमास्तरांनी आयुष्यभर माणसांच्या बोलण्यापेक्षा मापावर विश्वास ठेवला. गिऱ्हाईक पोट आत ओढून "मी बारीक झालोय" म्हणायचं. मास्तर मुकाट्याने टेप लावायचे. बायको लवकर गेली, तेव्हा एकुलत्या लेकीला त्यांनी शिलाई मशीनवरच लहानाची मोठी केली. ती नोकरीला लांबच्या शहरात गेली आणि जाताना आपला जुना लॅपटॉप ठेवून गेली, रोज संध्याकाळी एकमेकांचं तोंड दिसावं म्हणून.

हल्ली मात्र बोलता बोलता लेकीचं तोंड थिजायचं, आवाज तुटायचा. "बाबा, तुमच्याकडे नेट नीट नाहीये, ठेवते हं," म्हणून ती बंद करायची. मास्तर पडद्याच्या कोपऱ्यात बघायचे. सिग्नलच्या चारही रेघा भरलेल्या, वेगाचा आकडाही दणदणीत. माप तर बरोबर आहे, मग खोटं कोण बोलतंय? पोरीला बापाचा कंटाळा आला, एवढाच अर्थ त्यांनी काढला. मग तेही "हं", "बरं", "जेवलो" एवढ्यावर भागवू लागले. काल तर तिचा कॉल वाजून वाजून थांबला, यांनी घेतलाच नाही.

घरात थोरली बहीण, अक्का. तिला राहवेना. "अरे, तोंड फुगवून बसायला तू काय रुसलेला जावई आहेस? बोल की तिच्याशी!" म्हणाली, आणि स्वतःच जाऊन कोपऱ्यावरच्या लॅपटॉप दुरुस्तीवालीला घेऊन आली.

ती बाई लॅपटॉप हातात धरून घरभर हिंडली. पुढे दुकानात, नेटच्या डब्याला खेटून: चार रेघा. मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाआड, मास्तरांच्या खुर्चीवर: चार. मोरीतसुद्धा चार! वेगाचा आकडाही तसूभर हलला नाही.

"काका, हा थापा मारतोय," ती म्हणाली. "सिग्नल किती, वेग किती, हे पडद्याला कळवणारा आत एक प्रोग्राम असतो. ड्रायव्हर म्हणतात त्याला. तुमचा बिघडलाय. काही असो, भरलेलंच दाखवतो."

"म्हणजे टेप ताणलेली," मास्तर पुटपुटले. कापडी टेप वापरून वापरून लांबते नि छाती कमी भरते, म्हणून ते अधूनमधून ती लोखंडी पट्टीशी ताडून बघत. हे माप ताडायचं मात्र सुचलं नाही, आणि त्यावर पोटच्या पोरीला मोजून मोकळे झाले.

बाईने नवा ड्रायव्हर घातला. खुर्चीवर ठेवताच कोपऱ्यात उरली एक रेघ, तीही लुकलुकती.

"एकच!" मास्तरांचा चेहरा उजळला.

"जगाला चार हव्या असतात," अक्का म्हणाली, "याला एकीचं कौतुक!"

"दुकानात बसा काका, तिथे चार मिळतील."

"बसतो, बसतो. आधी पोरीला कॉल लावू दे."

पलीकडून लेक जवळजवळ ओरडलीच. "बाबा! काल कुठे होतात? जीव टांगणीला लागला होता माझा!"

"ठमे, मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

"मला? अहो, तुम्हीच नुसतं हं हं करत होतात. मला वाटलं, बाबांना आता माझी..."

आणि तोंड उघडं असतानाच ती थिजली.

"गेली का रे?" अक्काने दारातून विचारलं.

"नाही गं, आहे," मास्तर खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "येईल."

आणि लेकीच्या त्या उघड्या तोंडाकडे, कपाळावर आलेल्या बटेकडे ते निवांत बघत बसले.